लेंड की बॉरो? आपापले अनुभव सांगा

गोदाकाठ
परवा भावाच्या पीककर्जाचा फॉर्म भरत होते. सगळा इंग्रजी. वर 'बॉरोअर', खाली 'लेंडर'. भाऊ म्हणाला, "ताई, यातला मी कोन्ता गं?" म्हटलं वरती कर सही, घेणारा तू. आन् एकदम आमचे इंग्रजीचे सर आठवले. पैठण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा, तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायचं (पहिलीपासून आलं ते २००० साली). सरांचा नियम: वर्गात पेन, पट्टी, रबर काहीही मागायचं तर इंग्रजीत मागा. 'कॅन आय बॉरो युवर पेन' चालेल, 'विल यू लेंड मी युवर पेन' पण चालेल. 'बॉरो मी' म्हणलं की पेन नाही. देणारी पोरं लै बेरकी, मुद्दाम म्हणायची, "काय म्हणलास? परत म्हण."

फळ्यावर सर एवढंच लिहायचे: कर्ता घेतोय तर बॉरो, पुढं फ्रॉम. कर्ता देतोय तर लेंड, आणि कुणाला ते सांगायला टू. आपल्याकडं दोन्ही बाजूंना 'उसनं'च, फक्त शेपटाला घेणं नाहीतर देणं लावायचं. इंग्रजीत क्रियापदच बदलतं, गोंधळ तिथं होतो. तुमच्याकडं कसं शिकवलं, कुठं अडलं, लिहा. भांडू नका.

कोयता_बीड
आमच्या घरात दोन्ही होतं, शिकवायची गरज नाही पडली. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम साखर कारखान्याकडून नाहीतर वाहतूक ठेकेदाराकडून पैसे उचलतो तेव्हा बॉरोअर. तेच पैसे हंगामाआधी कोयत्यांना वाटतो तेव्हा लेंडर. माणूस तोच. (कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, पुण्याच्या मंडळींसाठी सांगितलं.) आणि उचल, म्हणजे हे आगाऊ घेतलेले पैसे, नुसती पैशानं फिटत नाही, ऊस तोडून फेडायची. नाही फिटली तर पुढच्या साली पुन्हा तोच मुकादम, तोच कारखाना. मायबाप तोडीला जायचे, मी आजीपाशी राहिलो म्हणून शाळा टिकली. बाकी लेंडचा भूतकाळ लेंट. 'लेंडेड' नाही. एवढं माझ्या लक्षात आहे.

उदगीरची_सून
कोयता भाऊ, आजीला नमस्कार सांगा. आहेत का?

कोयता_बीड
हाव, आहे की. अजून मलाच रागावते.

फळा_परभणी
गणितवाले विसरले सगळे. ५२ वजा २७. दोनातून सात जात नाहीत, मग दशकाकडून एक 'बॉरो' करायचा. मराठी शाळेत आपण दशक सुटा करून घेतो. इंग्रजी माध्यमातली माझी लेक विचारती, "पप्पा, तो परत कधी द्यायचा?" कधीच नाही, सरळ कर्जमाफी! अमेरिकेतल्या पुस्तकांत आता 'रिग्रुपिंग' म्हणतात म्हणे, म्हणजे तिथंही कुणाच्या तरी लेकीनं विचारलंच असणार.

सोयाबीन_जालना
गोदाकाठ ताई, जायकवाडीचं पाणी सोडलं का? शेतात मोटर ठेवलीय.

गोदाकाठ
अजून नाही. पण काढून ठेवा, भरवसा नाही.

तुळजापूर_काकू
मला इंग्रजी फार येत नाही, पण उसनं आणि उधार वेगळं हे कुणीच लिहिलं नाही. दुकानातून साखर आणली, पैसे पगारावर, ती उधार. शेजारणीकडून वाटीभर आणली आणि वाटीभरच परत दिली, ती उसनी. नातू म्हणाला की दुकानवाल्याला बॉरो म्हणायचं नाही, ते 'ऑन क्रेडिट'. वाटीची साखर मात्र बॉरो, जरी तीच साखर परत जात नसली तरी. बरोबर आहे का? आणि आमच्या सासूबाई दिवेलागणीनंतर मीठ, दही, सुई कुणालाच द्यायच्या नाहीत. म्हणजे संध्याकाळी लेंड बंद! त्या स्वतः मात्र गल्लीतून दही मागवायच्या.

उदगीरची_सून
काकू 😂 आमच्याकडं बी सेम. वाटी कधी रिकामी परत द्यायची नाही म्हणून सासूबाई वाटीत दोन शेंगदाणे टाकतात. काय करलालाव स्वयंपाकाला?

तुळजापूर_काकू
सांडग्याची भाजी. कालचं ताक आहे.

निलंगा_राईस
नातवाचं बरोबर आहे. आता माझं ऐका. कामासाठी अमेरिकेत मिनेसोटाला होतो. तिथला एक गोरा, पक्का तिथलाच, मला म्हणतो, "बॉरो मी अ पेन्सिल." मी गारच. ज्या वाक्यावर आमच्या लातूरच्या शिकवणीत मार्क कापायचे ते हा बिनधास्त बोलूलालाय! नंतर कळलं, त्या भागात जर्मनीकडून, नॉर्वे-स्वीडनकडून आलेल्यांची वस्ती जास्त. जर्मनमधलं 'लाइएन' हे एकच क्रियापद उसनं घेणं आणि उसनं देणं दोन्हीला चालतं, तीच सवय बोलीत उतरली असं सांगतात. पुस्तकी इंग्रजीत मात्र चूकच. परीक्षेत लिहू नका, मिनेसोटा म्हणून मार्क मिळणार नाहीत.

सोयाबीन_जालना
मग ते 'लोन मी' म्हणतात ते काय?

निलंगा_राईस
अमेरिकेत लोन क्रियापद म्हणून सर्रास चालतं, अर्थ लेंडचाच. इंग्लंडच्या वळणानं लिहायचं असेल तर लोन हे नाम ठेवा आणि क्रियापद लेंड. कान द्या, हात द्या अशा अर्थानं मात्र अमेरिकेतही लेंडच. 'लोन मी अ हँड' म्हणलं तर हात बँकेतून काढून द्यावा लागंल.

काऊंटर_नांदेड
बँकेत नोकरी झाली, आता निवृत्त. खातेदाराला वाटतं बँक म्हणजे फक्त लेंडर. तुमची ठेव म्हणजे बँकेनं तुमच्याकडून केलेलं बॉरोइंगच आहे, म्हणून तर व्याज देते. आणि बँकेला कमी पडलं तर रिझर्व्ह बँकेकडून रेपो दरानं घेते. शेतकरी खुर्चीच्या कडेला बसून बोलतो ना, त्याला मी सांगायचो, पाठ टेकून बसा, ठेवीच्या पावतीपुरते तुम्हीच आमचे सावकार.
आमच्या वडिलांची शाळा निजामाच्या राजवटीत उर्दूतून झाली. त्यांना 'कर्ज लेना, कर्ज देना' पाठ. मराठीसारखंच, शेपूट बदलायचं. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठीत आले आणि इंग्रजी अर्ज उर्दू वळणानंच लिहीत राहिले. अक्षर मोत्यासारखं, हे सांगायचं राहिलं.

ट्रॅक्टर_हिंगोली
मळणीयंत्र भाड्यानं आणलं तर बॉरो का?

फळा_परभणी
नाही. पैसे मोजून वस्तू वापरायची तर हायर किंवा रेंट. बॉरो म्हणजे वस्तू फुकट वापरून परत करायची. पैशाला मात्र व्याज असलं तरी बॉरोच.

ट्रॅक्टर_हिंगोली
मग पेरणीला एक दिवस माझे बैल त्याच्या वावरात, एक दिवस त्याचे माझ्या, हे कशात बसतं? आमच्याकडं सावड.

सोयाबीन_जालना
काही जण वारंगुळा बी म्हणतात. ते लेंडमधी नाही आन् बॉरोमधी बी नाही. कुणी कुणाचं देणं लागत नाही.

कोयता_बीड
लागतं की. त्याचे बैल आजारी पडले तर मग बघ.

होस्टेल_संभाजीनगर
एक राहिलं. जी वस्तू उचलून नेता येत नाही तिला शक्यतो बॉरो लावू नये. आमचा रूममेट शेजारच्या खोलीत जाऊन 'कॅन आय बॉरो युवर बाथरूम' म्हणाला, तर ते म्हणले घेऊन जा, पण सोमवारी परत आणून लाव. तिथं यूज म्हणायचं. चार्जर मात्र बॉरो, आणि तो आजपर्यंत कुणाचाच परत आलेला नाही.

गोदाकाठ
😂😂 भावाला वाचून दाखवते. त्याचं अजून तेच, "सही झाली, पैसे कधी येतेत?"

काऊंटर_नांदेड
ताई, सातबारा आणि आठ-अ नवीन काढलाय ना? जुना चालत नाही, परत पाठवतेत. आणि बाकी कर्ज नसल्याचा दाखलाही काही ठिकाणी मागतेत.

उदगीरची_सून
काकू, सांडगे मुगाचे का मटकीचे?

तुळजापूर_काकू
मटकीचे. लसूण जास्त घालायचा.