मानेवर पिवळे दाणे आणि डॉक्टर म्हणतात डोळे दाखवा

मांडवीकर: धाकट्या बहिणीच्या (वय २४) मानेवर शाळेत असल्यापासून पिवळसर बारीक दाणे आहेत. घरात सगळे घामोळंच म्हणायचे. आता काखेतही आलेत. बायोप्सीत 'स्यूडोझँथोमा इलास्टिकम' निघालं. जनुकांचा आजार म्हणे, पण आमच्या घराण्यात कोणालाच नाही! आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी कशाला? तिच्यासाठी स्थळं बघतोय, आई हवालदिल झालीय. बडोद्यात कोणाला अनुभव?

चिवडाप्रेमी: कॅल्शियम साचण्याचा आजार ना हा? दूध बंद करून बघा.

दांडियाबाजारवाले काका: दूध बंद करू नका हो! मला हाच आजार आहे. लिव्हरमधलं एबीसीसी६ जनुक नीट चालत नाही, म्हणून कॅल्शियम साचू न देणारं पायरोफॉस्फेट रक्तात कमी पडतं आणि लवचीक तंतूंवर कॅल्शियम बसतं. मानेवर ते दिसतं. पण तसलेच तंतू डोळ्याच्या पडद्यामागच्या थरातही असतात. तो थर ठिसूळ होऊन तडकतो, फटींतून कच्च्या रक्तवाहिन्या घुसतात, त्या गळल्या की मधली नजर जाते. तेव्हा रेटिनावाल्यांकडेच (डोळ्याच्या पडद्याच्या डॉक्टरांकडे) जा, चष्म्याच्या दुकानात नव्हे.

माझ्या फ्रिजवर ॲम्सलर ग्रिडचा, म्हणजे मधे ठिपका असलेल्या चौकड्यांचा, कागद लावलाय. चहा उकळेपर्यंत एकेक डोळा झाकून मधल्या ठिपक्याकडे बघायचं. एकदा डाव्या डोळ्याला ठिपक्याशेजारच्या रेघा वाकड्या दिसल्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठले. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर हातपाय गार पडले होते, पण थेंब घालून बधिर करतात, नुसतं दाबल्यासारखं वाटतं. नंतर डोळा लालभडक. बायको म्हणे, नवरात्रात जागून आल्यासारखे दिसताय. पण नजर टिकली.

घराण्यात नाही म्हणता, तर बिघडलेली प्रत आई-वडील दोघांकडून यावी लागते. एकेकच असली तर सहसा काही दिसत नाही. माझे आई-वडील आते-मामे भावंडं. तुम्हालाही असण्याची शक्यता चारात एक, तेव्हा तुम्हीही तपासून घ्या. लग्न खुशाल करा, नात्यातलं स्थळ तेवढं नको.

डोळ्याला-डोक्याला मार लागू देऊ नका. गरबा चालेल, टिपऱ्यांपासून लांब! ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

मांडवीकर: काका, खूप आभार. तपासणीला ती एकटी स्कूटीवर गेली तर चालेल?

दांडियाबाजारवाले काका: नको. बाहुल्या मोठ्या करतात, काही तास धूसर दिसतं. तुम्हीच घेऊन जा, आणि गॉगल न्या.