घरगुती साबणाने त्वचा कोरडी पडते. प्रमाण कसे बदलावे? (मदत हवी आहे)

गेल्या पावसाळ्यापासून मी शीत पद्धतीने, म्हणजे मिश्रण न शिजवता, घरी साबण करते. एका घाण्याला 1000 ग्रॅम तेल घेते. त्यात खोबरेल 700, राइस ब्रान 200 आणि एरंडेल 100 ग्रॅम असते. त्याला कॉस्टिक सोडा 159 ग्रॅम आणि पाणी 350 ग्रॅम लागते. या हिशेबाने सुमारे 5 टक्के तेल साबण न होता मोकळे राहते. वड्या सहा आठवडे वाळल्याशिवाय मी वापरायला काढत नाही. साबण टणक होतो, फेसही भरपूर येतो, परंतु अंग पुसताच त्वचा ओढल्यासारखी वाटते, आणि थंडी सुरू झाल्यापासून मुलाच्या नडग्या पांढऱ्या पडून खरखरीत झाल्या आहेत. आमच्याकडे बोअरचे जड पाणी आहे, हेही सांगून ठेवते.

उपाय म्हणून पुढच्या घाण्यात सोडा 151 ग्रॅमवर आणला, म्हणजे जवळपास 10 टक्के तेल मोकळे ठेवले. साबण किंचित सौम्य झाला, पण फेस बसला आणि दोन महिन्यांत काही वड्यांवर नारिंगी ठिपके येऊन खवट वास सुटला.

आता सासरहून, मालवणहून, कोकमतेलाचे गोळे आले आहेत. टाचांच्या भेगांना आम्ही ते नेहमीच लावतो. ते साबणात घालायचे झाल्यास किती घालावे, आणि मिश्रण दाटू लागल्यावर शेवटी घातले तर तेच तेल मोकळे राहील का? शिवाय सोडा 159 ग्रॅमच ठेवावा का?

प्रतिसाद

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तोच धोक्याचा आहे. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. एका ग्रॅम खोबरेलाला सुमारे 0.183 ग्रॅम, तर कोकमतेलाला, ऑलिव्हला किंवा एरंडेलाला 0.13 ग्रॅमच्या आसपास. तेले बदलून सोडा जुनाच ठेवलात तर तो शिल्लक राहील आणि साबण अंगाला झोंबेल.

खरे कारण मात्र खोबरेलच आहे. त्यातील जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. त्याचा साबण पाण्यात चटकन विरघळतो, उत्तम फेसतो आणि त्वचेचे स्वतःचे तेलही तितक्याच तत्परतेने धुऊन नेतो. तेव्हा सोडा कमी करत बसण्यापेक्षा खोबरेल 300 वर आणावे, कोकमतेल 150, ऑलिव्ह 350, राइस ब्रान 100 आणि एरंडेल 100 ग्रॅम घ्यावे. माझ्या हिशेबाने या मिश्रणाला एकूण 148.5 ग्रॅम सोडा लागतो. 7 टक्के तेल मोकळे ठेवायचे तर 138 ग्रॅम पुरे. आपले जुने 159 ग्रॅम इथे साडेदहा ग्रॅमने जास्त झाले असते! तरीही वजन करण्यापूर्वी एकदा स्वतः आकडेमोड करून पाहावी.

कोकमतेलात स्टिअरिक आम्ल भरपूर असल्यामुळे खोबरेल कमी करूनही वडी टणक राहील. ते वितळवून इतर तेलांबरोबरच घालावे. शीत पद्धतीत साबण होण्याची बहुतेक क्रिया मिश्रण दाटल्यानंतर चालते, त्यामुळे शेवटी घातलेले तेलही सोड्याच्या तावडीत सापडते. कोणते तेल मोकळे राहावे हे आपल्याला ठरवता येत नाही. तशी निवड करायची असेल तर मिश्रण शिजवून साबण झाल्यावर वरून तेल घालावे लागते.

जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून चिकट साका करतात व तो अंगावर बसतो. सोडा मिसळण्यापूर्वी पाण्यात 10 ग्रॅम सायट्रिक आम्ल विरघळवल्यास साका बराच कमी होतो. मात्र त्यासाठी सुमारे 6 ग्रॅम सोडा वाढवावा लागेल, कारण तेवढा ते आम्लच खाते.

पहिला घाणा 250 ग्रॅम तेलाचाच करावा. आणि मुलाच्या नडग्यांचे म्हणाल, तर साबण शेवटी धुऊनच जातो. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच थोडे कोकमतेल चोळलेत, तर त्याचा गुण वडीपेक्षा लवकर दिसेल.