मदत हवी आहे: सांगली-मिरज रस्त्यावरची भिंत रंगवायची आहे

नमस्कार मंडळी. सांगली-मिरज रस्त्याला लागून आमच्या वस्तीची लांब कंपाउंड भिंत आहे. तिच्यावर चित्रं काढायचं ठरतंय. विषय इथलेच हवेत असा माझा आग्रह आहे: १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीत केलेलं 'सीता स्वयंवर' हे नाटक, हळदीचा बाजार आणि मिरजेचे तंतुवाद्य कारागीर. भोपळ्यापासून सतार कशी घडते, हे रस्त्याने शाळेत जाणाऱ्या पोरांना दिसायला हवं. फुलं आणि मोर काय, कुठल्याही गावात असतात.

अडचण भिंतीची आहे. खालच्या भागाला ओल येते, लोणा (ओलीमुळे वर येणारा पांढरा क्षार) धरलाय, जुन्या रंगाचे पोपडे निघतात. लोणा खरवडायचा, भिंत पूर्ण वाळू द्यायची, मग प्रायमर आणि बाहेरचा अॅक्रिलिक इमल्शन रंग, एवढं माहीत आहे. पण खालचा गिलावा काढून नवा सिमेंटचा करावा की चुन्याचा? असं काम केलेलं कुणी आहे का?

भिंतीजवळ फळवाल्या मावशी आणि पंक्चरवाले काका बसतात. चित्रासाठी त्यांना उठवायचं नाही, हे पक्कं. उलट त्यांनाच चित्रात घ्यावं असं वाटतं.

मिरजेत सतार बनवणाऱ्या कुणाशी ओळख असेल तर तेही सांगा. हत्यार हातात कसं धरतात, ते बघूनच रेखाटन करायचंय.