मदत हवी आहे: ऑडॅसिटीमध्ये आजीच्या ओव्यांचा आवाज नीट उतरत नाही

नमस्कार मंडळी,

आजीच्या जात्यावरच्या ओव्या मी मोबाइलवर रेकॉर्ड केल्यात आणि ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळवतेय. ती आता ८४ वर्षांची आहे, तिला पुन्हा जात्यावर बसवणं होणार नाही. प्रत्येक ओवीआधी ती थोडा वेळ नुसतंच जातं ओढते, तिथे मी दुसऱ्या ट्रॅकवर दोन वाक्यांचं निवेदन टाकलंय. माझं बोलणं चालू असताना मागे घरघर हलकी राहावी आणि ओवीला पुन्हा वर यावी, एवढंच हवंय.

फेड आउट (आवाज हळूहळू शून्यावर नेणारा इफेक्ट) लावला तर घरघर पार नाहीशी होते. मग एन्व्हलप टूल (बिंदू ओढून आवाज कमीजास्त करायचं साधन) घेऊन एक बिंदू खाली ओढला, तर अख्खा ट्रॅकच बारीक झाला. शिवाय ऑडॅसिटीत ऐकताना सगळं ठीक वाटतं, पण एमपीथ्री केली की दोन्ही आवाज एकत्र येतात तिथे फाटतात. आणि सगळ्यात जास्त टोचतोय तो शेवट. जातं थांबतं तिथे चार सेकंदांचा फेड आउट दिलाय, तरी दार लावल्यासारखं तुटतं. काय चुकतंय?

प्रतिसाद

ताई, आधी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवा, या आवाजाला दुसरी संधी नाही.

घरघर एन्व्हलपनेच उतरवा. त्याने मूळ आवाजाला धक्का लागत नाही, बिंदू ट्रॅकबाहेर ओढून सोडला की पुसला जातो. फक्त बिंदू चार हवेत: निवेदनाच्या जरा आधी एक, निवेदन सुरू होतं तिथे दुसरा, संपतं तिथे तिसरा, त्यानंतर अर्ध्या सेकंदावर चौथा. मधले दोनच खाली ओढा. बाहेरचे दोन रेषा धरून ठेवतात. एकच बिंदू असला की तो सगळ्या क्लिपला खाली नेतो, तुमचं तेच झालं.

फाटण्याचं कारण बहुतेक वरचा प्लेबॅकचा स्लायडर. तो खाली असेल तर तुम्हाला हळू ऐकू येतं, पण फाइलमध्ये तो उतरत नाही. फाइलमध्ये उतरतो तो ट्रॅकच्या डावीकडचा गेन, म्हणजे त्या ट्रॅकच्या आवाजाची पातळी. एक्सपोर्टमध्ये, म्हणजे एमपीथ्री करताना, दोन ट्रॅकची बेरीज होते आणि ० डीबीच्या (डेसिबल; ही फाइलची कमाल मर्यादा) वरचं छाटलं जातं. दोन्ही ट्रॅकचा गेन ६-७ डीबीने कमी करा, प्लेबॅकचा स्लायडर पूर्ण वर न्या आणि मग ऐका.

आता शेवट. साधा फेड सरळ रेषेत उतरतो, कानाला तो तसा लागत नाही. निम्म्या वाटेवर आवाज जेमतेम ६ डीबीने कमी झालेला असतो आणि शेवटच्या दहाव्या भागात उणे २० डीबीवरून एकदम शांतता येते. म्हणून तुटल्यासारखं वाटतं. एरवी स्टुडिओ फेड आउट सुचवला असता, तो गोलाईने उतरतो. पण इथे तोही नको. जातं थांबताना त्याचा आवाज आपोआप उतरतो, त्यावर फेड म्हणजे तोच आवाज दोनदा उतरवणं, आणि शेपूट गिळलं जातं. मूळ शेवट परत आणा. फेड द्यायचाच तर सगळे आवाज संपल्यावर, खोलीच्या शांततेवर अर्ध्या सेकंदाचा द्या.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. प्लेबॅकचा स्लायडर खरंच खाली होता. गेन ७ डीबीने उतरवला, आता कुठेच फाटत नाही. चार बिंदूंनी घरघरही हवी तशी बसली.

शेवटचा फेड काढून मूळ तुकडा परत लावला. जातं थांबल्यावर आजी हाताला लागलेलं पीठ झटकते, तेव्हा बांगड्या वाजतात. इतके दिवस ते माझ्या फेडखाली गेलं होतं.