शब्दचर्चा: ‘एस्केप’ला मराठीत काय म्हणावं?

सातपूरकर: द्राक्ष बागायतदारांच्या अ‍ॅपसाठी मराठी मार्गदर्शिका तयार होतेय. ‘एस्केप’ म्हणजे खास अर्थाचं चिन्ह साधं अक्षर म्हणूनच वाचलं जाईल असं लिहिणं. जेसनमधला (माहिती साठवायच्या एका मजकुरी साच्यातला) मजकूर वेबपानात घालण्याआधी ‘चिन्हांची सुटका करा’ असं मसुद्यात आहे. मला ‘नांगी मोडणे’ बरं वाटतं.

पंचवटीकर: ‘सुटका’ तर उलटाच अर्थ देते. पण मोडलेली नांगी परत येत नाही, एस्केप केलेलं चिन्ह मात्र वाचणाऱ्याला जसंच्या तसं मिळतं. म्हणून ‘म्यान करणे’ म्हणा. तलवार शाबूत, फक्त चालत नाही. ‘अनएस्केप’साठी ‘उपसणे’ही आयतंच मिळतं.

सातपूरकर: पटलं. पण ‘<’ला अँड-एलटी-अर्धविराम हे एकच म्यान सगळीकडे चालेल ना?

पंचवटीकर: नाही, घोळ तिथेच होतो. अ‍ॅट्रिब्यूटमध्ये किंवा साध्या मजकुरात ते चालतं. स्क्रिप्ट टॅगच्या (पानातला कोड ठेवायच्या जागेच्या) आत ब्राउझर ते उपसतच नाही, शेतकऱ्याला ती अक्षरंच दिसतात. आणि ‘<’ उघडं ठेवलं, तर अवतरणचिन्हांतला स्क्रिप्टचा बंद टॅगही तिथेच स्क्रिप्ट संपवतो, कारण एचटीएमएल (पानाची भाषा) वाचणाऱ्याला जेसनची अवतरणं कळत नाहीत. तिथे बॅकस्लॅश-यू-००३सी हवं. जेसनमध्ये ‘<’ फक्त स्ट्रिंगमध्येच येऊ शकतं, त्यामुळे तयार जेसनवर सरसकट बदल केला तरी काही बिघडत नाही. पार्सर (जेसन वाचणारा प्रोग्राम) ते स्वतः उपसतो. नेहमीचे जेसन बनवणारे फंक्शन अवतरण, बॅकस्लॅश आणि नियंत्रण-चिन्हं म्यान करतात, ‘<’ला बहुधा हात लावत नाहीत.

गंगापूर रोडकर: ‘सॅनिटाइझ’ला (धोकादायक टॅग आणि कोड काढून टाकण्याला) हाच शब्द वापरू नका. तिथे ‘गाळणे’. वापरणाऱ्याने ठळक, तिरपं लिहिलेलं ठेवायचं असेल तरच गाळायचं, तेही डॉमप्युरिफायसारख्या तयार गाळणीने. नुसते स्क्रिप्ट टॅग उडवले तर इमेज टॅगमधला ऑनएरर (चित्र न आल्यास चालणारा कोड) तसाच राहतो. नुसता मजकूर दाखवायचा असेल तर टेक्स्टकंटेंट (मजकुरातले टॅग न मानता तो जसाच्या तसा दाखवणारा गुणधर्म) वापरा, गाळायचीही गरज नाही.

अजून एक, हे मार्गदर्शिकेत नक्की घाला: चाचणी फक्त मराठी मजकुरावर करू नका. एचटीएमएलमध्ये ‘<’ला लागून रोमन अक्षर आलं तरच उघडणारा टॅग सुरू होतो. ‘साखर <१८ ब्रिक्स’ किंवा ‘<गोडी’ म्यान न करताही नीट दिसतं आणि चूक लपते. एक्सएमएलमध्ये (एचटीएमएलसारख्याच, पण कडक नियमांच्या साच्यात) मात्र दुसरं चक्क टॅग ठरू शकतं, कारण तिथे टॅगचं नाव देवनागरीतही चालतं.

सातपूरकर: ‘म्यान करणे’ आणि ‘गाळणे’ ठेवतो. पहिल्या उल्लेखात शेजारी ‘एस्केप’ही राहू देतो, एररमध्ये तोच शब्द येतो.