शब्दचर्चा : 'अवरक्त' म्हणजे खराब रक्त का?

'रक्तपेशींचा अवरक्त वर्णपट' (कोणत्या तरंगलांबीचे किरण पेशी किती शोषून घेतात त्याचा आलेख) असं मी लिहिलं, तर एकाने विचारलं, अवरक्त म्हणजे खराब रक्त का? इन्फ्रारेडला दुसरा शब्द आहे का? आणि पेशी सुटी घेऊन तिचा वर्णपट काढतात त्याला 'एकपेशीय वर्णपटविज्ञान' म्हणावं का?

– शब्द बरोबरच आहे. रक्त म्हणजे मुळात रंगलेलं, तांबडं. 'आरक्त'मध्ये तोच अर्थ. अवर म्हणजे खालचा, अवर सचिवातला.

– अवर नव्हे, अव, 'अवनती'तला. नाहीतर 'अवररक्त' झालं असतं.

– खाली कसं? तरंगलांबी तर तांबड्यापेक्षा जास्त असते.

– वारंवारता कमी, म्हणून खाली. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगांत तांबड्या पट्ट्याच्या बाहेर तापमापी ठेवली आणि तिथेही पारा चढला, तेच हे किरण. 'जंबुपार'च्या (अल्ट्राव्हायोलेटच्या) धर्तीवर 'ताम्रपार' करता येईल, पण रुळलेला शब्द मोडून काय मिळणार?

– खरी चूक 'एकपेशीय'मध्ये आहे. एकपेशीय अमीबा असतो! ते नाव वाचून अमीबाचा अभ्यास वाटेल. 'एकेका पेशीचा अवरक्त वर्णपट' लिहा. यातलं 'एकेका' महत्त्वाचं. ऊतीचा तुकडा एकदम तपासला तर हजारो पेशींची सरासरी हाती येते आणि चार वेगळ्या पेशी तिच्यात बुडून जातात. पण एकेक पेशी गाठणंही सोपं नाही. प्रथिनांचा ठळक अमाइड पट्टा (त्यांच्यातले अमाइड बंध किरण शोषून घेतात ती जागा) दर सेंटिमीटरला १६५० तरंगांच्या आसपास येतो, म्हणजे तरंगलांबी सुमारे ६ मायक्रोमीटर. तांबड्या पेशीचा व्यास ७-८ मायक्रोमीटर. नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात प्रकाशाचा ठिपका तरंगलांबीहून फारसा बारीक करता येत नाही, आणि एवढ्याशा ठिपक्यात साध्या दिव्याचा उजेड पुरत नाही. म्हणून काही जण सिंक्रोट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉन वेगाने फिरवणाऱ्या यंत्राचा, प्रखर झोत वापरतात. त्यात पाणीही १६४०च्या जवळच शोषतं, त्यामुळे ओल्या, जिवंत पेशीत प्रथिनांचा पट्टा झाकला जातो.

– पेशी की कोशिका? विश्वकोशात कोशिका आहे, शाळेत पेशी. मी पेशीच म्हणेन. हिंदीवाल्यांना मात्र ती स्नायू वाटते.

– जाता जाता, 'प्रथिने प्रकाशाचे शोषण करतात' असं लिहू नका, मोर्चा निघेल. 'शोषून घेतात' पुरे.

– आभार. आता असं केलंय : 'तांबड्या पेशी सुट्या करून एकेकीचा अवरक्त वर्णपट काढला.' दोन रक्तांची गाठ सुटली.