मदत हवी आहे: पट्टा लावला की दुसऱ्या कुत्र्यांवर भुंकतो
आमचा दीड वर्षाचा इंडी (देशी कुत्रा) मोकळा असला की कुणाशीही खेळतो. पट्टा लावून वेताळ टेकडीवर नेला आणि समोरून कुत्रा आला, की भुंकून नुसता थयथयाट! पट्टा आवळून धरला तर जास्तच चेकाळतो. लांब कुत्रा दिसताच खाऊ द्यायचा, हे सुरू केलंय. रुंद वाटेवर जमतंही. पण कोथरूडच्या गल्लीत, दोन्हीकडे गाड्या लावलेल्या, तिथे अंतर आणायचं कुठून?

त्यात एक काका लांबूनच ओरडतात, "आमचा काही करत नाही हो!" आणि त्यांचा मोकळा लॅब्रेडोर थेट आमच्या अंगावर. (त्यांचा नाही करत, आमचा करेल ना!) काकांना न दुखावता काय सांगू? आणि छातीवर कडी असलेला हार्नेस कुणी वापरलाय का? ओढणं खरंच कमी होतं?

रेबीजची लस, महापालिकेचा परवाना झालेलं आहे.